सोसायटी ग्रुप: ॲपचं लॉगिन

बी-२०४: सी विंगचा जुना भाडेकरू फ्लॅट सोडून कधीच गेला तरी आपल्या ॲपवर अजून आत हाय, सगळ्यांची थकबाकी, फोन नंबर, गाडी नंबर बघतोय. गूगल लॉगिनची घाई कुणाला झाली होती?

सेक्रेटरी: नमस्कार. मीटिंगमध्ये सर्वानुमते ठरलं होतं, आपणही होता. पासवर्ड विसरलो म्हणून रात्री ११ ला मलाच फोन यायचे.

ए-१०३ काका: गूगलचा पासवर्ड कुठल्या ॲपला द्यायचा नाही. आधीच सांगितलं होतं.

सी-४०२: काका, पासवर्ड ॲपकडं येतच नाही ओ. बटण दाबलं की गूगलचंच पान उघडतं, पासवर्ड तिथं टाकायचा, आपल्याला फक्त गूगलची सही असलेलं टोकन, म्हणजे डिजिटल ओळखचिठ्ठी मिळते, त्यात नाव, ईमेल आणि एक आयडी. ह्या पद्धतीला ओपनआयडी कनेक्ट म्हणतात, २०१४ पासून चालू हाय.

बी-२०४: मग तो आत कसा काय?

ए-३०१ काकू: माझ्या पार्किंगमध्ये परत ती पांढरी गाडी लावलीय 😡

सी-४०२: गूगल एवढंच सांगतं की हे खातं खरंच ह्याचं. तो आपल्यात राहतो का नाही ते गूगलला काय ठाऊक? ती यादी आपल्याकडं, कमिटीनं नाव काढायचं, काढलं नाही. नुसतं नाव काढून पण भागत नाही, चालू सेशन, म्हणजे आधी केलेलं लॉगिन पण बंद करायला लागतं, नायतर फोनवर ॲप उघडंच राहतं.

ए-१०३ काका: गूगलचा पासवर्ड कुठल्या ॲपला द्यायचा नाही. 🙏

बी-३०२: काका, रंकाळ्याला एक चक्कर मारून या 😄

ए-१०३ काका: वयाचा मान राखा.

सेक्रेटरी: मी पगार घेत नाही ह्या कामाचा. परवा सगळ्यांचं लॉगिन बंद पडलं तेव्हा पण तुम्ही मलाच बोललात.

सी-४०२: तो दोष तुमचा नव्हता साहेब. लॉगिन झालं की गूगल ॲपच्या ज्या वेब पत्त्यावर परत पाठवतं, तो परतीचा पत्ता गूगलकडं नोंदवलेल्याशी अक्षर न् अक्षर जुळायला लागतो, ॲपवाल्याकडून शेवटी एक स्लॅश (/) जास्त पडला होता.

बी-१०१: आमच्या आईंकडं साधा फोन हाय, जीमेल नाही. त्यांनी काय करायचं?

सी-४०२: एसएमएसचा ओटीपी पण चालू ठेवायचा, ॲपवाल्याला सांगतो. आणि भाडेकरार ११ महिन्यांचा असला तर संपायची तारीख टाकूया, त्या दिवशी लॉगिन आपोआप बंद.

बी-२०४: हे आधी का नाही केलं?

सेक्रेटरी: जुन्या भाडेकरूचं नाव काढलं, सेशनही बंद केलं. ज्यांचे भाडेकरू आहेत त्यांनी कराराची तारीख आज रात्रीपर्यंत मला पाठवावी. काकू, वॉचमनला खाली पाठवलंय.