मदत हवी आहे: ७८च्या तबकडीचा कॉपीराइट संपलाय, मग चालीचं काय?

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांकडे ७८च्या तबकड्यांचं (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या) कपाटभर घबाड आहे. बहुतेक नाट्यपदं, थोडी भावगीतं. ती डिजिटल करून यूट्यूबवर टाकायची आहेत. पैसे मिळवायचे नाहीत.

१९५७चा कॉपीराइट कायदा चाळला. ध्वनिमुद्रण ज्या वर्षी बाजारात आलं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची, म्हणजे १९६४पर्यंतच्या तबकड्या मोकळ्या. इथवर ठीक.

घोडं पुढे अडतंय. शब्द आणि चाल यांचे हक्क निराळे, आणि ते कवी-संगीतकार गेल्यावरही ६० वर्षं टिकतात. 'मानापमान' नाटक सुटतं: पदं लिहिणारे खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. पण 'कान्होपात्रा' नाटकाचं संगीत मास्टर कृष्णरावांचं, ते गेले १९७४ साली. त्यातले काही अभंग तर खुद्द संत कान्होपात्रेचे! म्हणजे शब्द पाचशे वर्षांपूर्वीचे, तबकडी मोकळी, आणि चालीसाठी २०३४ संपेपर्यंत थांबायचं? की माझं काही चुकतंय?

दुसरं, तबकडीवर साल नसतं, नुसता क्रमांक. उद्या कुणी विचारलं तर काय दाखवायचं?

---

प्रतिसाद १
हिशेब बरोबर आहे. चालीची परवानगी वारसांकडून किंवा हक्क ज्याच्याकडे गेलेत त्याच्याकडून घ्यावी लागेल. 'पैसे घेत नाही' हा बचाव मात्र विसरा. घरात ऐकणं वेगळं, जगाला ऐकवणं वेगळं. सालासाठी कंपन्यांची जुनी सूचिपत्रं आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती बघा. लेबलचा फोटो काढून ठेवाच.

प्रतिसाद २
यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येईल याची तयारी ठेवा. तेच ध्वनिमुद्रण कंपनीने पुढे सीडीवर काढलं असेल तर यूट्यूबची यंत्रणा आवाज जुळवते आणि दावा आपोआप लागतो, तबकडी १९३५ची असली तरी. हरकत घेता येते, समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. शिवाय अमेरिकेत २०१८च्या कायद्याने १९२३ ते १९४६च्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षं दिलीत, तेव्हा इथे मोकळं ते तिथे मोकळं असेलच असं नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आधी 'मानापमान' घेतो. कपाटात खाजगी मैफलींचे काही स्पूलही (ध्वनिफितीची रिळं) निघालेत. ते कधी प्रकाशितच झाले नाहीत, मग त्यांची ६० वर्षं कुठून मोजायची?