पहिलं ट्रॅक्शन इंजिन बांधायचं, तर एक इंची की दोन इंची?

दारव्ह्याचा फिटर
वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनचं चालतं मॉडेल बांधायचंय म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो. पहिलंच आहे ना, मग एक इंची स्केल घे, एल. सी. मेसन यांच्या आराखड्याचं ‘मिनी’ बांध. एक इंची म्हणजे खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला मॉडेलचा एक इंच. माझं म्हणणं असं, की हा सल्ला इंग्लंडात बरोबर आहे, आपल्या विदर्भात नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : ट्रॅक्शन इंजिन म्हणजे वाफेवर रस्त्यानं स्वतः चालणारं इंजिन. 1859 मध्ये थॉमस अ‍ॅव्हलिंगनं बैल-घोड्यांनी ओढायच्या इंजिनाला साखळी लावून ते चालतं केलं. शेतावर जायचं, फ्लायव्हीलवर पट्टा चढवून मळणीयंत्र फिरवायचं. आपल्या बांधकाम खात्याचे जुने वाफेचे रोलर त्याच खानदानातले.

आता मुद्दा. तिकडचा हौशी माणूस घरच्या छोट्या मायफोर्ड लेथवर काम करतो. सेंटर हाइट, म्हणजे बेडपासून मध्यापर्यंतची उंची, साडेतीन इंच, म्हणजे सात इंचांपर्यंतचं काम फिरतं. सहा फुटी चाक एक इंची स्केलला सहा इंचांचं होतं आणि त्याच्या लेथवर बसतं. म्हणून त्याला एक इंची सोपं. आपल्याकडे तालुक्याच्या गावी लेथ कोणता असतो? सहा-आठ फुटी बेडचा, ट्रॅक्टरचे शाफ्ट आणि पंपाचे बुश करून चकजवळ घासलेला. त्यावर बारा इंची चाक आरामात फिरेल, पण पाच मिलिमीटरचा पिस्टन रॉड काढताना घाम फुटेल. शिवाय आराखड्यात 8 बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे स्क्रू, जाडी 2.2 मिलिमीटर. त्याचे आटे पाडायचा टॅप यवतमाळात कुठे शोधू? म्हणून माझ्या मते आपल्याकडे नवशिक्यानं दोन इंचीच घ्यावं.

जुना टर्नर, अकोला
बाबू, चाकाचं गणित बरोबर केलं तू, पण बॉयलरचं केलंच नाही. लांबी दुप्पट झाली की धातू आठपट लागतो. तांब्याचा भाव विचारून ये एकदा भंडाऱ्याला.

आणि भाव सोड, उष्णतेचं काय? बॉयलरचे जोड चांदीच्या मिश्रधातूनं भरायचे, तो 600 अंशांच्या वर वितळतो. तांबं उष्णता एका जागी राहू देत नाही, जोडापाशी दिलेली आच दुसऱ्या टोकाला पळते. एक इंचीचा बॉयलर एका चांगल्या टॉर्चवर, भोवती विटा रचून, एकटा माणूस करू शकतो. दोन इंचीला एक टॉर्च मागून आच देणार, दुसरा समोरून जोड भरणार, म्हणजे दोन माणसं आणि दोन सिलिंडर. फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, आतले स्टे (पत्र्यांना धरून ठेवणारे दांडे) भरताना मागचा जोड पुन्हा वितळला तर सगळं मुसळ केरात. नवशिक्याला हे जमेल?

आता घासलेल्या बेडचं. घासण लांब कामाला छळते. तुझा पिस्टन रॉड किती लांब? तेवढ्या प्रवासात टेपर तो किती येणार, आणि एमरी कागदानं तो निघत नाही का? 8 बीए मिळत नसेल तर एम 2, म्हणजे दोन मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू लाव, कोणी विचारत नाही.

हिंगणघाटच्या मॅडम
मला दोघांचंही पटत नाही. ट्रॅक्शन इंजिन हे पहिलं मॉडेल असूच नये. त्यात बॉयलर आला, सिलिंडर आला, पुढे-मागे चालवायची लिंक आली, गिअर आले, साखळीचं स्टिअरिंग आलं. एकेक गोष्ट वेगळी शिकावी लागते. आधी स्टुअर्ट कंपनीचं 10 व्ही करा : उभं इंजिन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) पाऊण इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) पाऊण इंच, बॉयलर नाही. सायकलच्या पंपानं हवा भरून चालवता येतं. पोरांना वाफ दाखवायचीच हौस असेल तर मामोडचं तयार खेळण्यातलं इंजिन आणा. त्यात सिलिंडरच डोलतो, वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही.

दारव्ह्याचा फिटर
मॅडम, राग मानू नका, पण 10 व्ही करणारे बहुतेक जण तिथेच थांबतात. टेबलावर ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात, संपलं. आणि मामोड विकत आणलं तर मी बांधलं काय?

हिंगणघाटच्या मॅडम
थांबले तर थांबू द्या की. अर्धवट ट्रॅक्शन इंजिन गोठ्यात पडून राहण्यापेक्षा पूर्ण झालेलं छोटं इंजिन बरं.

मूर्तिजापूरकर
तुम्ही आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर छोट्या गाडीचं, शकुंतलेचं मॉडेल काहून नाही करत? 1921 चं मँचेस्टरचं इंजिन, 1994 पर्यंत आपल्या दारावरून गेलं. ट्रॅक्शन इंजिनाशी आपला संबंध काय?

दारव्ह्याचा फिटर
संबंध इतकाच की त्याला रूळ लागत नाहीत. अंगणात सोडलं की चाललं. शकुंतलेसाठी आधी रूळ टाका, मग वळणाची त्रिज्या, मग उतार. माझ्याकडे अंगण आहे, रूळ नाहीत.

थंडगार, अमरावती
ब्रेझिंगसाठी, म्हणजे असे जोड भरायले, एवढे कायले घाबरता राजेहो? मी रोज एसीचे तांब्याचे पाइप जोडतो. फॉस्फरसवाली कॉपरची काडी लावा, जोड साफ ठेवणाऱ्या फ्लक्सची बी गरज नाही. दोन इंचीचा बॉयलर आणा माझ्याकडे, दुपारभरात करून देतो.

जुना टर्नर, अकोला
ती काडी एसीला ठीक आहे भाऊ, कोळशाच्या बॉयलरला अजिबात नाही. कोळशात गंधक असतो. त्याचा धूर आणि फॉस्फरसचा जोड, यांचं जमत नाही. जोड आतून कुजतो, वरून कळतही नाही. चांदीचीच काडी हवी, कॅडमियम नसलेली, फ्लक्ससकट.

थंडगार, अमरावती
मग गॅसचा बर्नर लावा ना! गंधक कुठून येणार?

जुना टर्नर, अकोला
आज गॅस लावशील, उद्या इंजिन दुसऱ्याच्या हाती जाईल आणि तो त्यात कोळसा टाकेल. बॉयलर माणसापेक्षा जास्त टिकतो. आणखी एक : बॉयलरमध्ये बसणारे बुश पितळेचे करू नको. गरम पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, उरतो तो भुसभुशीत तांब्याचा गोळा. गनमेटल किंवा ब्राँझच घे. भंडाऱ्याचं पितळ बंबाला छान, इथे नाही.

खारपाणपट्ट्यातला
अकोटकडून लिहितोय. आमच्या बोअरचं पाणी टाकलं तर बॉयलरमध्ये मीठच शिजेल. क्षार साचतात, पाणी फेसाळून वाफेबरोबर सिलिंडरात जातं. पावसाचं पाणी गच्चीवरून गाळून ड्रममध्ये भरून ठेवा, वर्षभर पुरतं. आणि इथे एक इंचीचा फायदा कोणी बोललं नाही : पाणी कमी लागतं!

पऱ्हाटीवाला
पऱ्हाटी, कापसाच्या वाळल्या काड्या, जाळून चालते का हे इंजिन? आमच्याकडे ढीग पडला आहे ना बावा.

जुना टर्नर, अकोला
खऱ्या मोठ्या फायरबॉक्समध्ये चाललं असतं. मॉडेलच्या मुठीएवढ्या भट्टीत पऱ्हाटी घालतो म्हटलं तर दिवसभर तुकडेच करत बसशील. वणीचा कोळसाही राखेनं जाळी गच्च करतो. पेटवायला लाकडी कोळसा, मग चांगला दगडी कोळसा चाळून, हरभऱ्याएवढे तुकडे करून.

हिंगणघाटच्या मॅडम
कायद्याचं कोणी विचारलं नाही. घरात बॉयलर ठेवायला परवानगी लागते ना?

दारव्ह्याचा फिटर
25 लिटरपेक्षा कमी पाण्याचं भांडं बॉयलर कायद्याच्या व्याख्येत येत नाही. एक इंचीत लिटरभरही पाणी मावत नाही, दोन इंचीही त्या आकड्याच्या कितीतरी खाली.

जुना टर्नर, अकोला
इन्स्पेक्टर येणार नाही, म्हणजे तपासणी तुलाच करायची आहे. चालवायचा दाब 80 पौंड धरलास तर पहिली चाचणी 160 ला, थंड पाण्यानं. बॉयलर काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही. प्लंबरकडे पाइपलाइन तपासायचा हातपंप असतो, तो चालतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटला तरी नुसती धार येते. हवेनं तपासशील तर बाँब होईल. घरचा कुकर 15 पौंडांच्या आसपास शिटी देतो, त्यावरून 80 म्हणजे काय ते समज.

दारव्ह्याचा फिटर
काका, बॉयलरबद्दल तुमचं मान्य. पण व्हॉल्व्ह, लिंक, पंप हे सगळं दोन इंचीत हाताला लागतं, डोळ्याला दिसतं. चाळिशी लागलेल्या माणसाला एक इंचीत नुसतं भिंग घेऊन बसावं लागेल. म्हणजे भीती ब्रेझिंगची, आणि तेवढं काम दुसऱ्याकडून करून घेता येतं. व्हॉल्व्ह सेट करायला मात्र दुसरा कोणी येणार नाही.

मूर्तिजापूरकर
मधला मार्ग घ्या की. दीड इंची. अ‍ॅलचिनचं 1925 चं ‘रॉयल चेस्टर’ आहे, डब्ल्यू. जे. ह्यूज यांचे आराखडे.

दारव्ह्याचा फिटर
ते हुबेहूब मॉडेल आहे, खऱ्या इंजिनाचा एकेक रिव्हेट त्यात मोजून घेतलाय. सुंदर आहे, पण पहिल्याला नको. ‘मिनी’ची एक गोष्ट मी मानतो, ते कुठल्याही खऱ्या इंजिनाची नक्कल नाही. बांधायला सोपं पडावं म्हणूनच आखलंय. असंच मोकळं दोन इंचीचं कोणी केलेलं पाहिजे.

थंडगार, अमरावती
मग ‘मिनी’चेच आराखडे दुप्पट करा ना!

जुना टर्नर, अकोला
हो हो, आणि पत्र्याची जाडी? व्यास दुप्पट झाला आणि दाब तोच ठेवला तर जाडीही दुप्पट लागते. मग त्या जाड पत्र्याच्या कडा हातोडीनं वळवताना दर थोड्या वेळानं लाल करून थंड करावा लागतो, नाहीतर चीर पडते. फिटरभाऊ, तू काही ऐकणार नाहीस हे दिसतंय. दोन इंचीच कर. पण सुरुवात चाकांपासून करू नको. चाकं दिसायला भारी, म्हणून सगळे तिथून सुरू करतात आणि बॉयलरपाशी येऊन अडकतात. सिलिंडर बॉयलरच्या पाठीवर बसतो, क्रँकशाफ्टच्या बाजूच्या प्लेटा फायरबॉक्सला लागतात. बॉयलर कागदापेक्षा चार-दोन मिलिमीटर इकडे तिकडे होतोच, मग पुढची सगळी मापं त्यावरून घ्यायची.

दारव्ह्याचा फिटर
हे मात्र पटलं. आधी तांबं. पत्र्याच्या कडा वळवायचे लाकडी फॉर्मर (साचे) सागाचे करू की बाभळीचे?

जुना टर्नर, अकोला
बाभळीचे. साग हातोडीखाली दबतो. पण तांबं लाल करून, विझवून, पूर्ण गार झाल्यावरच फॉर्मरवर ठेव, नाहीतर लाकूड जळेल.

हिंगणघाटच्या मॅडम
आणि तांबं येईपर्यंत रिकामे बसलात तर तेवढ्यात 10 व्ही होऊन जाईल, एवढंच सांगते.