मदत हवी आहे: निगेटिव्ह फिक्या येताहेत. चूक कॅमेऱ्याची, केमिकलची की माझी?

नमस्कार मंडळी. फिल्मवाले कुणी असाल तर जरा बघा.

दिवाळीत मामाने माळ्यावरची ट्रंक उघडली आणि त्याचा जुना पेंटॅक्स के१००० माझ्या हातात ठेवला. "चालला तर तुझा, नाहीतर भंगारवाला आहेच." सोबत ५० एमएम एफ/२ लेन्स. आतला बटणसेल कित्येक वर्षं तसाच पडलेला. कप्प्यात हिरवट खर साचली होती आणि मीटरचा काटा ठार मेलेला. पण या कॅमेऱ्यात सेल फक्त मीटरला लागतो, बाकी सगळं यांत्रिक, त्यामुळे शटर झकास वाजतं. मागच्या दाराचा उजेड अडवणारा फोम डांबरासारखा चिकट झाला होता. तो काडीने खरवडून काढला आणि खाचेत काळी लोकर बसवली (आईच्या विणकामाच्या पिशवीतली, तिला अजून पत्ता नाही).

मीटर नाही म्हणून उजेड डिजिटलवर मोजतो. निकॉन डी५६००, 'ए' मोड (लेन्सचं छिद्र, म्हणजे एफ/ आकडा, मी ठरवायचा, शटर तो सुचवतो), आयएसओ फिल्मएवढाच, ४००. तो जे शटर दाखवेल ते पेंटॅक्सवर फिरवायचं. डिजिटलच्या स्क्रीनवर तोच फोटो छान दिसतो, म्हणून मी निर्धास्त.

आत्तापर्यंत दोन रोल झाले, दोन्ही इल्फर्ड एचपी५ प्लस (कृष्णधवल, आयएसओ ४००). धुतले घरीच: डी-७६ डेव्हलपर, पाणी न मिसळता, २० अंशाला साडेसात मिनिटं. साताऱ्यात एप्रिलमध्ये नळाला २० अंशाचं पाणी कुठलं यायला! बादलीत फ्रीजमधला सगळा बर्फ ओतून त्यात बाटली बुडवून बसलो. पहिल्या रोलला घाई झाली, दुसऱ्याला मात्र थर्मामीटरवरून नजर हलवली नाही.

तरी दोन्ही फिके. निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो, अंधार कोरा, ते ठाऊक आहे, पण इतकं? खिडकीशी धरलं की सावलीच्या जागी नुसतं कोरं प्लास्टिक. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरची ती मोठी घंटा घ्या, वसईच्या मोहिमेनंतर आणली म्हणतात ती. निगेटिव्हमध्ये कृष्णा आहे, पायऱ्या आहेत, घंटा गायब! टॅबचा स्क्रीन पांढरा करून त्यावर चार बोटं उंचीवर पट्टी धरतो (टेकवली तर स्क्रीनचे ठिपके उमटतात) आणि एक्स्टेंशन ट्यूब (अगदी जवळून टिपायची नळी) लावून डिजिटलने फोटो काढतो. उलटवून उजळवलं तर सावल्यांत वाळूच वाळू.

शिवाय उलटवल्यावर काही फ्रेमची एक उभी कड अंधारी दिसते. सगळ्या नाही, काहीच.

डेव्हलपरची वेळ वाढवू का? की डेव्हलपरच बदलू? आता तिसरा रोल वाया घालवायची छाती नाही. एचपी५ स्वस्त राहिलेला नाही.

रीळगाडी: थांबा, वेळ वाढवू नका. आधी पट्टीची कड बघा. फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच उजेड देऊन टाकलेलं असतं. ते उमटवतो डेव्हलपर, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यात काही संबंध नाही. आकडे ठळक काळे आणि चित्र फिकं, तर उजेड कमी पडला. आकडेही फिके, तर केमिकलला धरा.

ओलीभिंत: लोकर वापरलीत हे आवडलं. मी बुटाची नाडी लावली होती, दार बंदच होईना.

धागाकर्ता: @रीळगाडी, आत्ताच पाहिले. दोन्ही रोलवर आकडे कोळशासारखे. सुरुवातीची जीभही काळीकुट्ट, ट्यूबलाइटसमोर धरली तरी पलीकडचं काही दिसत नाही. म्हणजे डेव्हलपर सुटला?

रीळगाडी: सुटला. आता तुमची पाळी. भर उन्हातल्या एखाद्या फ्रेमचे आकडे लिहून ठेवलेत का?

धागाकर्ता: वही आहे. अजिंक्यतारा, सकाळी अकरा, कडक ऊन: एफ/१६, १/१०००.

रीळगाडी: सापडलं. कडक उन्हात एफ/१६ ठेवलं तर शटर आयएसओच्या आकड्याजवळ ठेवायचं, हा जुना हिशोब. ४०० ला १/५००. तुम्ही बरोब्बर एक स्टॉप कमी दिलात, म्हणजे निम्माच उजेड, आणि डिजिटल एवढं चुकत नाही. त्याच्या एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनवर (मोजलेल्यापेक्षा उजेड मुद्दाम कमी-जास्त करायची सेटिंग) काय आहे बघा बरं.

धागाकर्ता: …

धागाकर्ता: −१ आहे. चुलतभावाच्या लग्नात पांढरे सदरे जळू नयेत म्हणून केलं होतं. लग्न गेल्या मे महिन्यातलं.

ओलीभिंत: 😂 जोडप्याचा पहिला वाढदिवस आला की!

रीळगाडी: हसू नका, डिजिटलवाल्यांची ही सवय चांगलीच आहे. तिथे पांढरं जळालं की गेलं, सावली मात्र रॉ फाइलमधून ओढून काढता येते. निगेटिव्हचं उलटं. सावलीत उजेड पोचलाच नाही तर तिथे काही नाही, वेळ वाढवून काय उगवणार? पांढऱ्याचं मात्र एचपी५ बरंच सोसतो. शंका आली तर एक स्टॉप जास्त द्या.

घंटा मात्र नुसत्या −१ मुळे गेलेली नाही. मागे चमकतं पाणी होतं, मीटर त्याला भुलला. पुढच्या वेळी घंटेजवळ जाऊन फक्त तिचाच काळा भाग मोजा आणि त्यातून दोन स्टॉप कमी करा. दोनच. मोजलेलं तसंच ठेवलं तर घंटा राखाडी येईल आणि नदी पांढरीफटक.

धागाकर्ता: वहीत लिहून घेतलं. आणि ती अंधारी कड?

खडखड_शटर: त्या फ्रेम वहीत शोधा. सगळ्या १/१००० च्या निघतील, पैज. के१००० चे पडदे कापडी, आडवे धावतात. वेगात शटर पूर्ण उघडतच नाही, दोन पडद्यांमधली फट फिल्मवरून सरकते. वंगण सुकलं की मागचा पडदा पुढच्याला गाठायला लागतो आणि शेवटी फट बुजते. कारागिराकडे साफसफाई होईल तेव्हा होईल, तोवर १/५०० च्या वर जाऊ नका.

धागाकर्ता: पैज जिंकलात. सातही १/१००० च्या.

पण दुपारी ४०० च्या फिल्मला १/५०० म्हणजे एफ/१६ वर अडकलो ना? मागचं सगळं स्पष्ट येणार, मग माणूस भिंतीला चिकटल्यासारखा दिसतो.

खडखड_शटर: पिवळा फिल्टर लावा. साधारण एक स्टॉप खातो, मग एफ/११ वर येता. आकाशही जरा गडद होतं, ढग उठून दिसतात. फिल्टर लावल्यावर तो एक स्टॉप हिशोबात धरायला विसरू नका, नाहीतर पुन्हा हाच धागा वर काढाल.

धागाकर्ता: 🙏 कॉम्पेन्सेशन शून्यावर आणलं, तिसरा रोल भरला. रविवारी पुन्हा मेणवली. लेन्सचा आटा ४९ एमएम आहे. पुणे-सातारा भागात कुणाकडे त्या मापाचा पिवळा फिल्टर पडून असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, येऊन घेऊन जाईन.