मदत हवी आहे: फुलपाखराच्या पंखावरच्या ‘डोळ्या’च्या कडा इतक्या रेखीव कशा?

नववीच्या मुलांना शिकवायचंय, पण एका जागी अडलेय. कोषातच डोळ्याच्या मध्यावरच्या पेशी आजूबाजूला संकेत सोडतात, इथवर कळलं. १९८० मधल्या प्रयोगात त्या पेशी उचलून पंखावर दुसरीकडे लावल्या, तर तिथेही डोळा उमटला! हा डोळा घडवण्यात भाग घेणाऱ्या डिस्टल-लेस नावाच्या जनुकाबद्दलही वाचलंय.

पण पंखावरचे बारीक खवले भिंगाखाली पाहिले, तर काळा खवला संपला की शेजारी थेट पिवळा. एका खवल्याला एकच रंग, मधली छटा नाहीच. निळी चमक सोडून द्या, ती खवल्याच्या रचनेमुळे येते. कोष कापून दाखवणं मला जमणार नाही, इच्छाही नाही.

संकेत जर अंतरागणिक हळूहळू विरळ होत असेल, तर रंग असा एकदम का बदलतो?