माळी: माळेचा की मळ्याचा?

चाफेकळी
एका स्मरणिकेसाठी जातींच्या माहितीचं भाषांतर करतेय. एके ठिकाणी 'माळा गुंफतात ते माळी' असं लिहिलं आणि दादरच्या घरी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं, माझ्या बापानं जन्मात हार केला नाही. मळा कसतो तो माळी." त्यांचं माहेर माढा तालुक्यात, सावतोबांच्या अरणजवळ. काय लिहू? की सरळ 'बागवान' करू?

अनुनासिक
बागवान मुळीच नको. सोलापूर-कोल्हापूरकडे बागवान म्हणजे फळं-भाजी विकणारा मुसलमान समाज, वाचणारा भलतंच समजेल. माळी हा मालेवरूनच: संस्कृतात मालिक, मालाकार. 'मळा'वरून आला असता तर 'म'चा 'मा' कसा झाला? मळ्यावरून आपण 'मळेकरी' म्हणतो. शिवाय हिंदी-बंगालीत मळा हा शब्द नाही, माली मात्र आहे.

दारंधरी
शब्द माळेतून आला असेल, माणूस मळ्यातलाच आहे. सावतोबांचे अभंग काढून बघा: कांदा, मुळा, लसूण, मिरची, कोथिंबीर, मोट, नाडा, विहीर. हार आहे का कुठे? म्हणसुद्धा 'माळ्याची मका आणि कोल्ह्याचं भांडण' अशी आहे. माझे आजोबा रात्री कंदील घेऊन दारं धरायचे. वाफा भरला की फावड्यानं एक दार बुजवायचं, पुढचं फोडायचं. पाणी कुठवर पोचलं ते अंधारात पायाला कळायचं.

फुलगल्ली
दारंधरी, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण आम्ही भुलेश्वरला तीन पिढ्या फुलांत आहोत, मग आम्ही कोण? आजी केळीचं सोपट भिजवून त्याचा दोरा काढायची, त्यानं बांधलेला हार सुती दोऱ्यापेक्षा जास्त टिकतो. जोतीरावांचं मूळ आडनाव गोऱ्हे, कटगुणचे. पेशवाईत फुलं पुरवायचे म्हणून फुले झाले. 11 मे 1888 ला याच मुंबईत, मांडवीच्या कोळीवाड्यात, त्यांना महात्मा म्हटलं गेलं. गिरणी कामगारांचे नारायण मेघाजी लोखंडेही फुलमाळीच.

दारंधरी
तुम्ही माळी नाही असं मी कुठे म्हटलं? फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी ही नावंच बघा ना. जे पीक, ते नाव. फूल हेही पीकच.

वाडीवाला
आमच्या केळव्याकडे मळा नाही, वाडी. वाडी करणारा तो वाडवळ. पाचकळशी, चौकळशी असे आमच्यात भेद आहेत. केळी आणि पानवेली हे आमचं जगणं. बाहेरचे लोक माळी म्हणत; आजीला ते चालायचं, तिच्या धाकट्या दिराला अजिबात नाही. दोघं जेवताना त्यावरून बोलायचे थांबत. आणि मुंबईकरांनो, गिरगावातल्या फणसवाडी-केळेवाडीतून रोज जाता ना? ते फणस नि त्या केळी कोणी शिंपल्या असतील, ही चर्चा कधी होत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

शुद्धमती
गोंधळ वाढतोय कारण सोसायटीत कुंड्यांना पाणी घालणारा कुणीही 'माळी'. जात आणि काम यांना शब्द वेगळे हवेत. कामाला 'उद्यानसेवक' म्हणावं, स्वच्छ मराठी आहे.

रोपवाटिका
नको हो. माझे वडील राणीच्या बागेत माळी होते, जातीनं कुणबी. निवृत्तीनंतरही कुणी विचारलं तर "माळी" एवढंच सांगायचे. खुरप्यानं उजव्या तळव्याला पडलेला घट्टा शेवटपर्यंत होता. त्यांना उद्यानसेवक म्हटलं तर मला ओळखायला येणार नाहीत.

अनुनासिक
सहमत. उद्यानसेवक कानाला सरकारी पाटीसारखा लागतो. पण रोपवाटिका, 'घट्टा' की 'घट्ठा'?

रोपवाटिका
आमच्याकडे घट्टा.

शुद्धमती
कानाला काय लागतं यावर भाषा ठरवायची तर कोश कशाला हवेत? 'पोलीस पाटील' म्हणजे पाटीलच असला पाहिजे असं नाही, हे लोकांना शिकावंच लागलं ना? तसंच हे.

चाफेकळी
स्मरणिकेचं वाक्य अजून तसंच पडलंय. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. जोतीरावांच्या फुलांपाशी गप्प झाल्या, पण वाडीवाला, तुमच्यावर त्या अडल्यात. त्यांच्या माहेरी पानवेलींच्या रानाला पानमळाच म्हणतात, वाडी कधीच नाही. म्हणतात, "पानमळा करतो तो माझ्या लेखी माळीच. त्यांच्या आजीला काय वाटायचं ते नीट विचार." सांगा ना, आजी नेमकं काय म्हणायची?