सेफ्टी रेझर सुरू करायचा आहे, मानेवर पुरळ येतं. सुरुवात कुठून करू?

वाकडचा पाहुणा

नमस्कार मंडळी. वय २६, दाढी दाट, केस जाड. सध्या तीन ब्लेडचं कार्ट्रिज आणि डब्यातला फोम वापरतो. गालांना काही होत नाही, पण कंठमण्याच्या खाली दुसऱ्या दिवशी लाल पुरळ उठतं, काही केस आतल्या आतच वाढतात आणि कॉलर घासून दिवसभर चुरचुरत राहतं. मार्गशीर्षात लग्न आहे, तोवर मान नीट व्हावी अशी फार इच्छा आहे.

जुन्या पद्धतीनं सेफ्टी रेझर (एकच सुटं ब्लेड घालायचं मशीन), ब्रश, साबण असं सुरू करावं म्हणतो. ऑनलाइन पाहिलं तर पाचशेपासून पाच हजारांपर्यंत मशीन दिसतात. काय घेऊ? ब्लेड कोणतं? शिवाय सोसायटीत टँकरचं पाणी येतं, साबणाला फेसच धरत नाही. त्याचं काय करायचं?

कोल्हापूरचा सलूनवाला

भावा, मशीनचं शेवटी सांगतो. आधी मान बघू.

तीन ब्लेडमध्ये पुढचं ब्लेड केस जरा ओढून धरतं आणि मागचं कापतं. त्यामुळे केस कातडीच्याही खाली तुटतो. हाताला गुळगुळीत लागतं ते त्यामुळेच. पण तुझ्यासारखा जाड केस तसा तुटला की वर येताना वाट चुकतो आणि कातडीत शिरतो. मानेवर हे जास्त होतं, कारण तिथले केस सरळ खाली येतच नाहीत. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या कितीतरी जणांच्या गळ्यावरचे केस खालून वर वाढलेले असतात, काहींचे कानाकडे आडवे पडलेले. डावी बाजू उजवीसारखी असेल असंही नाही. आणि घरी दाढी करणारा प्रत्येक जण कल्ल्यापासून गळ्यापर्यंत वरून खालीच ओढतो. म्हणजे गालावर सुलटा हात, केस वाढतात त्या दिशेनं, आणि गळ्यावर नकळत उलटा.

म्हणून दोन दिवस दाढी करू नकोस. खुंट वाढू दे. मग बोटं वरून खाली, खालून वर आणि दोन्हीकडून आडवी फिरवून बघ. जिकडे बोट सरकतं ती सुलटी बाजू, जिकडे टोचतं ती उलटी. कागदावर तोंडाचं चित्र काढ आणि बाण मार. आमच्या दुकानात नवीन पोरगा कामाला लागला की वडील त्याला आधी गिऱ्हाइकाच्या दाढीवरून नुसता हात फिरवायला लावायचे. वस्तरा त्याच्या हातात फार उशिरा यायचा.

पुरळ असताना गळ्याला ब्लेड लावायचंच नाही. आत अडकलेला केस चिमट्यानं उकरायचा नाही. पू धरला असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, घरी प्रयोग नकोत.

मान शांत झाली की सुरुवात कर. आंघोळीनंतरची दाढी सगळ्यात चांगली. केस पाणी शोषून फुगतो, मऊ पडतो, मग ब्लेडला जोर लागत नाही. आंघोळ आधी जमत नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेला रुमाल दोन-तीन मिनिटं तोंडावर धर. फेस तोंडावर पसरायचा नसतो, दाढीत मुरवायचा असतो. ब्रश गोल फिरवत केस उभे कर. बोटांत घेतल्यावर फेस दह्यासारखा जड लागला पाहिजे, बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय. आजकाल माणसं मशीनवर दोन हजार खर्चतात आणि फेसाला अर्धा मिनिट देत नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण अर्धी दाढी ब्रशनंच होत असते.

आता हात. वडिलांच्या धोकटीत वस्तरा, चामड्याचा पट्टा, वाटी, नखं काढायची नराणी आणि तुरटीचा खडा असायचा. वस्तऱ्याचा कोन हातानंच सांभाळावा लागतो, ते यायला वर्षं जातात. सेफ्टी रेझरमध्ये तो बराचसा मशीनच्या डोक्यानं बांधून दिलेला असतो. किंग कॅम्प जिलेट यांचं १९०४ चं पेटंट आहे ते धार न लावता टाकून द्यायच्या पातळ ब्लेडचं, आणि आज आपण वापरतो त्या दोन धारांच्या ब्लेडचा सांगाडा तिथूनच आलाय. तरी थोडा कोन तुझ्या हातात उरतोच. मशीनचं डोकं गालाला टेकव, दांडी गालापासून काटकोनात धर, मग दांडी हळूहळू खाली आण. जिथे केस कापल्याची बारीक खरखर ऐकू येते तो कोन तुझा. अंदाजे ३० अंश. दांडी शेवटाकडे धर, आणि दाबायचं नाही. अजिबात नाही. कार्ट्रिजमुळे दाबायची सवय लागलेली असते, ती मोडायला वेळ लागेल. मशीनचं वजनच काम करतं. हात इंच-दीड इंचाचा, दुसऱ्या हातानं कातडी ताणलेली, आणि दर दोन-तीन हातांनंतर मशीन पाण्यात हलवायचं.

पहिले काही आठवडे एकच सुलटा हात, सगळ्या तोंडावर. गाल सरावले की पुन्हा फेस लावून आडवा हात. कोरड्या कातडीवर दुसरा हात कधीच नको. गळ्यावर उलटा हात तुला कायमचा वर्ज्य. गळा थोडा खरखरीत राहिला तर राहू दे, दोन हात लांबून कुणाला दिसत नाही.

शेवटी गार पाणी आणि तुरटी. ओला खडा फिरव, जिथे झोंबेल तिथे आज दाब पडला असं समज. मिनिटभरानं धुवून टाक आणि वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लाव.

राहिलं मशीन. तीन भागांचं, बंद कंगव्याचं (ब्लेडखालची पट्टी सलग, दाते नसलेली), पितळी किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं कोणतंही सौम्य मशीन. हजाराच्या आत मिळतं. दातेरी कंगव्याचं नको, ब्लेड किती बाहेर यावं ते कमी-जास्त करता येणारं तर अजून नकोच. ब्लेड सेव्हन ओ'क्लॉक घे, जनरल स्टोअरमध्ये मिळतं. जपानी फेदर फार धारदार असतं, ते हात बसल्यावर. ब्लेड लावताना आखूड बाजूंनी धर, तिथे धार नसते. लावल्यावर दोन्हीकडून धार सारखी बाहेर दिसते का ते बघ. ओढायला लागलं की बदल, तुझ्या दाढीला तीन-चार दाढ्या पुरेल. साबणाच्या वडीच्या मागे लागू नकोस, ट्यूबमधलं साधं क्रीम घे. ब्रश सिंथेटिक चांगला, लवकर वाळतो.

सोलापूरची मास्तरीण

पाण्याबद्दल लिहिते, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तुमचं टँकरचं पाणी बोअरचं असणार. त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे साबणाशी क्षार होतात, तोच पांढरा चिकट साका. साबण फेसाऐवजी त्यात खर्च होतो. आधी खात्री करा: दोन बाटल्यांत सारखंच पाणी घ्या, एकात नळाचं, एकात आरओचं, दोन्हींत नखाएवढा साबण टाकून हलवा. फरक डोळ्यांना दिसेल.

अशा पाण्याला जड पाणी म्हणतात. उकळून त्यातला बायकार्बोनेटचा जडपणा जातो, सल्फेट आणि क्लोराइडचा जात नाही. त्यामुळे सरळ एक पेलाभर आरओचं पाणी घ्या, ब्रश आणि फेस तेवढ्यात होतो. तोंड धुवायला नळाचं चालेल. कुणी धुण्याचा सोडा टाका म्हणेल, तो चेहऱ्याला लावू नका.

आणि एक विनंती. वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. कचरा हातानं वेगळा करणाऱ्या बायकांची बोटं कापतात. पावडरच्या जुन्या पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडा, ब्लेडं त्यात टाकत जा. असा डबा वर्षानुवर्षं भरत नाही. भरला की चीर चिकटपट्टीनं बंद करा, वर ‘ब्लेड’ लिहा आणि त्यांच्या हातात सांगून द्या.

डोंबिवली फास्ट

थोडं वेगळं मत. माझ्या वडिलांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांना डॉक्टरांनी इलेक्ट्रिक ट्रिमर सांगितला आणि तेच बरोबर आहे. तुमची दाढी ट्रिमरनं मिलिमीटरभर ठेवली तर केस आत शिरण्याचा प्रश्नच येत नाही. लग्नासाठी नवी पद्धत शिकायलाच हवी का, याचा विचार करा. आणि हनिमूनला विमानानं जाणार असाल तर सुटी ब्लेडं हातातल्या बॅगेत चालत नाहीत, चेक-इनमध्ये टाका.

वाकडचा पाहुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाटलीचा प्रयोग लगेच केला, नळाच्या पाण्यात नुसता गढूळ साका! दाढी वाढू देतोय. डाव्या बाजूला गळ्यावरचे केस चक्क कानाकडे चाललेत असं आत्ताच लागलं हाताला. सलूनवाले काका, हळदीच्या आणि लग्नाच्या दिवशी काय करू?

कोल्हापूरचा सलूनवाला

ट्रिमरचं वरच्या भावानं बरोबर सांगितलंय. मान तोवर बरी झाली नाही तर ट्रिमरच.

बरी झाली तर हळदीच्या दिवशी दाढी करू नकोस. ताज्या कातडीला हळद चुरचुरते. हळदीच्या आदल्या संध्याकाळी कर. लग्नाच्या सकाळी गालावर सुलटा आणि आडवा, गळ्यावर एकच सुलटा हात. त्या आठवड्यात ब्लेडचा ब्रँड, क्रीम, लोशन काहीही नवीन आणायचं नाही. ब्लेड मात्र त्याच पाकिटातलं कोरं लाव. आणि डाव्या गळ्याला मानेकडून कानाच्या दिशेनं हात मार, खाली ओढू नकोस.