अनुभव धागा: अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवरचे रानातले लहान धबधबे

पुणेकर सूनबाई:
हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेनं चढणाऱ्यांना नमस्कार, पण हा धागा तुमच्यासाठी नाही. आमच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत आणि बालवाडीतला मुलगा आहे. दोघांनाही धबधबा बघायचाय, तोही गाडीच्या काचेतून नाही, रानातून चालत जाऊन. दोर, शिडी, कंबरभर पाणी यातलं काही नको. वाट कशी आहे, कुणाला झेपेल, पाणी कधी असतं आणि तिथे काय दिसलं, एवढं लिहिलंत तरी पुष्कळ.

सुरुवात मी करते. आंबोलीला सगळे घाटातल्या मोठ्या धबधब्यापाशीच थांबतात. तो रस्त्यालाच लागून आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे पाण्यापेक्षा माणसंच जास्त कोसळत असतात. आम्ही पुढे नांगरतासला गेलो, आजऱ्याच्या रस्त्याला, आंबोलीपासून साधारण दहा किलोमीटरवर. इथे पाणी समोरच्या कड्यावरून अंगावर येत नाही. अरुंद काळ्या घळीत ते खाली उडी घेतं आणि आपण वरून कठड्याला धरून बघायचं. मुलगा आधी आवाज ऐकून पाणी शोधत आकाशाकडे बघत होता, ते पायाखाली निघालं. चालणं मात्र जवळजवळ नाहीच.

थोडं चालायचं असेल तर हिरण्यकेशी. हा काही धबधबा नव्हे. झाडीत देऊळ आहे आणि कपारीतून येणारा नदीचा उगम. कोकणच्या कड्यावर जन्मलेली ही नदी पूर्वेकडे जाऊन घटप्रभेला मिळते, म्हणजे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. इथल्या कुंडातल्या छोट्या माशाची 2020 साली नवी जात म्हणून नोंद झाली, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्यामुळे कुंडात उतरू नका, काही टाकूही नका. सासूबाईंनी वाकून हात जोडले, ते देवाला की माशाला, विचारायचं राहिलं.

सांगेकर:
तुमच्या अटीत बसणारा आमचा सावरी. गोव्यात नेत्रावळी अभयारण्यात, सांगे तालुक्यात. दूधसागर तीनशे मीटरच्या वर, त्याच्यापुढे सावरी म्हणजे किरकोळ, आणि म्हणूनच मला आवडतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, तिकीट घेऊन आत जायचं. वाट रानातूनच, बरीचशी सावलीत. चढ-उतार बेताचे, पण झाडांची मुळं वाटेत आडवी पसरलेली आहेत आणि पावसात ती दगडापेक्षा जास्त घसरतात. आईंच्या हातात काठी द्या. चपला नकोत, फ्लोटर्सही नकोत, तळ खाचांचा असलेले बूट हवेत.

मी जातो तो धबधब्यापेक्षा वाटेसाठी. व्हाळाच्या कडेला शांत उभं राहिलं तर दगडाखालून खेकडे बाहेर येतात. पहाट असेल आणि नशीब असेल तर शीळकरी कस्तूर हा पक्षी ऐकू येतो. कोणीतरी रानात शिट्टी वाजवत हिंडतोय आणि सूर मध्येच विसरतोय असं वाटतं. आमच्या मुलाला वाटलं, मीच वाजवतोय.

एक महत्त्वाचं. 2023 च्या जुलैत जवळच्याच मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि वनखात्यानं अभयारण्यांतल्या धबधब्यांवर पावसाळी बंदी घातली. तेव्हापासून ऐन पावसात येण्याआधी खात्याकडे चौकशी करा. लांबून येऊन नाक्यावरच्या गार्डशी हुज्जत घालणारे पुष्कळ बघितलेत. त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं.

वसईवाला:
तुंगारेश्वर. हायवेवरच्या फाट्यावरून देवळापर्यंत रुंद कच्ची वाट, दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये मध्ये ओढे. आजी देवळात बसतील, पोरगा घोटाभर पाण्यात खेळेल. सोमवारी आणि रविवारी जाऊ नका, एका दिवशी भाविक, दुसऱ्या दिवशी स्पीकरवाले. माकडं पिशवी ओढतात. पावसाळ्यात पोलीस ओढ्यांवर मनाई करतात तेव्हा देवळापर्यंतच जा.

भूगोल मास्तर:
मराठवाड्यात धबधबा असतो हे पुण्या-मुंबईच्या लोकांना पटतच नाही, म्हणून सौताड्याचं नाव घेतो. बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, जामखेड-बीड रस्त्याला. विंचरणा नदी दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं देऊळ आहे. वरून सगळा माळ, खाली मात्र गर्द झाडी. पायऱ्यांनी उतरायचं, पण लक्षात ठेवा, उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारून ठरवा.

मास्तर आहे, तेव्हा थोडं शिकवल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडचे धबधबे लाव्ह्याच्या थरांवर बसलेले आहेत. एक थर घट्ट बेसॉल्टचा, त्याच्याखाली बऱ्याचदा भुसभुशीत, कधी लालसर मातकट. पाणी खालचा मऊ थर आधी खातं, वरचा तसाच पुढे राहतो. म्हणून कित्येक धबधब्यांच्या पाठीमागे आत शिरता येईल अशी कपार असते. पोरं तिथे फोटोला उभी राहतात. पण वरचा दगड आधाराविना लोंबकळतोय आणि कधीतरी तो पडतोच, म्हणून तर धबधबा वर्षानुवर्षं मागे सरकतो. दुसरं म्हणजे रांजणखळगे. गोटे भोवऱ्यात फिरून कातळाला विहिरीसारखे भोक पाडतात. गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत. घोटाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्याच पावलाला गळ्यापर्यंत जातो, तो यामुळे.

वाडीतला:
मी घाटाखालच्या वाडीत राहतो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी आमच्या बांधावर गाड्या उभ्या राहतात.

आमच्या इथला धबधबा वाडीपासून वीस मिनिटांवर. वाट सोपी आहे, आमच्या बाया डोक्यावर भारा घेऊन येतात-जातात. घोळ इथेच होतो. वाट सोपी म्हणून लोक पाणीही सोपं समजतात. अवघड कड्याखाली माणूस आपणच जपून राहतो.

शहरातली माणसं आभाळाकडे बघून ठरवतात. ऊन पडलंय, उतरा पाण्यात. अहो, पाणी तुमच्या डोक्यावरच्या आभाळातून येत नाही, ते वरच्या सड्यावरून, म्हणजे डोंगरावरच्या कातळ-पठारावरून येतं. तिथे पाऊस चालू असतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. आम्ही बघतो ते असं: निवळ पाणी अचानक चहासारखं झालं, पाला-काटक्या वाहत आल्या, आवाज जाड झाला. यातलं एक जरी दिसलं तरी सामान तिथेच टाकून उठायचं. आणि ओढ्याच्या कडेकडेनं खाली पळायचं नाही, आडवं वर चढायचं. मधल्या खडकावर बसून वाट बघायची तर अजिबात नाही. 2024 च्या 30 जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले, ते मधल्या खडकावर एकमेकांना धरूनच उभे होते. त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे लोक तसल्याच खडकावर उभे.

ताई, तुम्ही जरूर या. ओढा ओलांडायचा नाही, काठावरच्या सपाट कातळावर बसायचं. हिरवं शेवाळ दिसतं तरी, काळं दिसत नाही, तेच पाडतं. आणि वाडीत चहा मागा, मिळतो. पाण्याच्या बाटल्या मात्र परत घेऊन जा.

पुणेकर सूनबाई:
वाडीतले दादा, हे छापून फ्रिजवर लावते. जळवांचं काय करायचं तेवढं सांगा, सासूबाई साडीत असतात.

वाडीतला:
मीठ. ओढून काढू नका, मीठ लावा, आपोआप सुटते. काही जण तंबाखूचं पाणी पायाला चोळतात. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं नाही.

वऱ्हाडी:
अमरावतीकडून कोनीच नाई लिवलं म्हून मी लिवतो. परतवाड्याजवळ मुक्तागिरी हाय, हद्द ओलांडून मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. जैनांचं तीर्थ, डोंगरात 52 मंदिरं, अन् त्याइच्या मधातून धबधबा पडते. साऱ्या पायऱ्याच हायेत, दोर-बिर काई नाई. पांढरी देवळं, हिरवा डोंगर अन् मधात पानी, असं दुसरीकडं मी तरी नाई पाह्यलं. उन्हाळ्यात जासान तं नुसतीच देवळं पाहून यावं लागन. ते तीर्थ हाय, पिकनिक नाई, एवढं ध्यानात ठेवा.

ओसाकाहून:
नोकरीमुळे जपानात आहे. ओसाकाच्या उत्तरेला मिनो नावाचा धबधबा, उंची 33 मीटर. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून थेट चालायला लागायचं, तीन किलोमीटरच्या आत पोचतो. सगळी वाट फरसबंद, नदीच्या काठानं, बाबागाडीसुद्धा जाते. आई-बाबा आले तेव्हा तिथेच नेलं. बाबा आयुष्यभर ताम्हिणी घाटातल्या धबधब्यांचे भक्त, त्यामुळे पहिली प्रतिक्रिया "एवढंच?" अशी आली. मग समोरच्या बाकावर बसले ते उठेनात. कारण उघड होतं. बसायला जागा होती, ढकलणारं कुणी नव्हतं आणि गाणी नव्हती. वाटेत दुकानांत मेपलची पानं तळून विकतात. आईनं पाकीट घेतलं आणि दुकानदाराला मराठीतच विचारलं, बेसन आहे का.

ऑक्टोबरवाला:
वर सगळे जुलैचं बोलताहेत. सासूबाईंना दसऱ्याच्या आसपास न्या. पाणी निवळलेलं असतं, ओढा उतरलेला असतो, तेरड्याची फुलं संपत आलेली असतात पण सोनकीची असतात. सह्याद्रीतले बरेच लहान धबधबे डिसेंबरपर्यंत आटतात, तेव्हा दिवाळीनंतर फार लांबवू नका.

पुणेकर सूनबाई:
दसरा ठरला, सावरी. सांगेकर, नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी त्याच बाजूला ना? टाळी वाजवली की बुडबुडे येतात म्हणे, मुलगा आत्तापासून सराव करतोय.

सांगेकर:
हो, गोपीनाथाच्या देवळाची तळी, वाटेवरच. टाळी न वाजवताही येतात, पण त्याला सांगू नका.

पुणेकर सूनबाई:
आणि ओसाकाकर, सासूबाई विचारताहेत, ती तळलेली पानं कडू नाही लागत?

ओसाकाहून:
काकूंना सांगा, नाही. पानं वर्षभर मिठात मुरवतात, मग धुऊन, गोड पिठात तीळ घालून तळतात. पानाची चव अशी काही लागतच नाही. डोळे मिटून खाल्लं तर शंकरपाळीच.